आठ इंची दुर्बीण घेण्याआधी

म्हणजे तुमच्याकडे सहा इंची डॉब्सनियन आहे (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), नाभीय अंतर १२०० मिमी, आणि क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा डीएसएलआर. १० सेकंदांच्या एक्स्पोजरला मृगातल्या तेजोमेघाच्या नुसत्या रेघोट्या येतात. आणि विचारताय की आठ इंची घेऊ का.

नका घेऊ. फोटोसाठी तरी नकोच.

रेघोट्या येतात त्या आकाश फिरतं म्हणून, त्यात आरशाचा काही दोष नाही. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि एम ४२, म्हणजे मृगातला हाच तेजोमेघ, जवळजवळ तिथेच आहे. तुमच्या जोडणीत एक पिक्सेल साधारण पाऊण विकलेचा. म्हणजे सेकंदाला वीस पिक्सेल, दहा सेकंदांत दोनशे! आठ इंची डॉब्सनियनचं नाभीय अंतरही बहुधा १२००च्या आसपासच असतं, त्यामुळे रेघोट्या तेवढ्याच लांब येतील, फक्त जास्त ठळक.

त्या पैशांत साधा स्टार ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र, घ्या आणि कॅमेऱ्याला १३५ किंवा २०० मिमीची जुनी लेन्स लावा. दुर्बिणीशिवाय दीर्घिका कशी टिपायची, असं वाटेल. पण देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश पसरली आहे, पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवल्यासारखी. तुमच्या दुर्बिणीतून कॅमेऱ्याला जेमतेम एक अंश दिसतो. २०० मिमीत ती अख्खी मावते, वर मोकळी जागा उरते.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा, आणि आपल्याकडे गोची इथेच होते. पुण्यातून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंश वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवा, तेवढाच. पहिल्या खेपेला मी सगळं मांडून बसलो आणि ध्रुव आंब्याच्या झाडामागे! तेव्हापासून जागा दिवसाउजेडी बघतो, उत्तर मोकळी आहे ना ते आधी.

फोकस व्याधासारख्या, त्या वेळी वर असलेल्या ठळक ताऱ्यावर करा: लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून तारा सगळ्यात बारीक दिसेपर्यंत, मग रिंगवर चिकटपट्टी. आणि दव विसरू नका. एका जानेवारीत मी दीड तास फ्रेम्स घेतल्या. घरी येऊन पाहतो तर पहिल्या वीस ठीक, पुढच्या सगळ्या दुधाळ. लेन्सवर दव धरलं होतं आणि मी गाडीत डबा खात होतो. आता लेन्सच्या नळीला हँड वॉर्मर रबरबँडने बांधतो.

एक्स्पोजर ३० सेकंदांचं ठेवा, फ्रेम्स १२०, म्हणजे तासाभराचा प्रकाश. शंभर फ्रेम्स स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून सरासरी काढली, की नॉइज (फोटोतले दाणे) एक दशांशावर येतो. शेवटी झाकण लावून त्याच थंडीत, त्याच आयएसओला वीसेक डार्क फ्रेम्स घ्या, सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करायला. एम ४२चा गाभा जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो, त्यासाठी दोन-तीन सेकंदांच्या काही फ्रेम्स वेगळ्या हव्यात. स्टॅकिंगला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, दोन्ही फुकट.

नोव्हेंबरच्या अमावास्येला संध्याकाळी देवयानीपासून सुरू करा, मध्यरात्रीपर्यंत मृग छान वर येतो. डॉब्सनियनही सोबत न्या. ट्रॅकर तासभर आपलं काम करत असतो, तेवढा वेळ डोळ्यांनी बघायला तीच लागते.