धोंडो हे नाव कुठून आलं? पूर्वी ते किती प्रचलित होतं, आणि आज बाळाला ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की कुलवृत्तांतात खापरपणजोबांचं नाव 'धोंडो' असं सापडलं, घरात कुणीतरी 'मूल नकोसं असेल, म्हणून दगड म्हणाले असतील' असा अर्थ लावला, आणि आता हेच नाव होणाऱ्या बाळाला द्यावं का, असा विचार तुमच्या मनात आहे. जुनी दफ्तरं आणि वंशावळी वाचण्याची मला आवड आहे आणि या नावाबद्दल मला फार जिव्हाळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरात लावलेला अर्थ आधी मनातून काढून टाका. बहुतेक घरांत धोंडो, धोंडू, धोंडीबा ही नावं अतिशय हव्या असलेल्या मुलाची असत. ज्या घरात पाठोपाठ मुलं दगावली, तिथे पुढचं मूल जगावं म्हणून आईबाप जाणूनबुजून ओबडधोबड नाव ठेवत. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, गोंडस नावाच्या बाळाला दृष्ट लागते, मृत्यूचं लक्ष आधी कौतुकाच्या मुलाकडे जातं, अशी ती समजूत. मग मुलाला असं काही म्हणायचं की न्यायला आलेल्याला वाटावं, हे काय न्यायचं! धोंड्याची कुणाला हाव नसते. शिवाय धोंडा ऊनपावसात टिकतो, आणि शेंदूर लावला की त्याच धोंड्यापुढे गाव हात जोडतं. आईबापांच्या मनात यातलं नेमकं काय असे हे घराघरावर अवलंबून, पण मूल राहावं ही इच्छा सगळ्यांत सारखी.

धोंडो एकटा नाही, त्याचं मोठं गोत आहे. दगडू तर पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. केरू म्हणजे केरात ठेवून उचललेला, उकिरडा तसाच उकिरड्यावरचा. भिकू, भिकाजी म्हणजे भीक मागून मिळवलेला. काही ठिकाणी मूल नावापुरतं शेजारणीच्या ओटीत घालून परत 'मागून' घेत. मुलाला मुलीसारखी नथ घालून वाढवायचं आणि नथू म्हणायचं, हाही त्यातलाच प्रकार. मुलींमध्ये धोंडाबाई, धोंडूबाई, दगडाबाई. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके याच नावाच्या.

ही रीत फक्त आपल्याकडची नाही. रिचर्ड टेंपल याने १८८३ मध्ये पंजाबी माणसांच्या नावांवर पुस्तक लिहिलं, त्यात अशा नावांची चर्चा आहे. मंगोलियात मुलाला 'नेरगुई', म्हणजे 'नाव नसलेला', असं म्हणतात, कारण तेच. ज्याला नावच नाही त्याला शोधणार कसं?

यामागची भीती किती खरी होती हे आकड्यांवरून कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास पहिल्या वाढदिवसाआधीच जात. देवी, गोवर, हगवण, धनुर्वात यांपुढे घरातल्या माणसांच्या हाती फारसं काही नव्हतं. नाव मात्र त्यांच्या हातात होतं.

इथे एक फरक स्पष्ट सांगायला हवा, कारण तुमच्या घरातला गैरसमज त्यातूनच आला असावा. नको असलेल्या मुलीला 'नकुशी' किंवा 'नकुसा' म्हणण्याची प्रथाही आपल्याकडे होती आणि ती खरोखर क्रूर होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली, ते योग्यच झालं. दोन्ही नावं कानाला सारखीच हिणकस लागतात, पण नकुशीच्या आईबापांना ती मुलगी नको होती आणि धोंडोच्या आईबापांना तो जाईल याची धास्ती होती. या दोघांना एका पंगतीत बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता नावाची दुसरी वाट. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं नाव धोंडू ठेवत असत. त्याच कारणाने पुरुषोत्तमही ठेवत, कारण अधिक मास हा पुरुषोत्तम मास. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांच्या आधी कुणी मूल गेलं नसेल, तरी नावाचा उलगडा महिन्यावरून होऊ शकतो.

तिसरी वाट देवाची आहे आणि तिथे बरेच जण गोंधळतात. ढुंढिराज हा काशीचा गणपती. विश्वनाथाच्या दर्शनाआधी त्याचं दर्शन घेतात. त्यावरून धुंडिराज हे नाव आलं. दादासाहेब फाळके हे धुंडिराज गोविंद फाळके, धोंडो नव्हेत. दोन्ही नावांचं मूळ वेगळं आहे, पण घरातल्या हाकेत आणि घाईत लिहिलेल्या कागदात धुंडी-धोंडी यांची सरमिसळ सहज होते. तुमच्या घराण्यात गणपती, मोरेश्वर, विनायक अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या येत असतील तर ही शक्यताही मनात ठेवा.

नावाची शेपटी मात्र नीट बघा, तिच्यात समाज दिसतो. मोरो त्रिंबक, नारो शंकर, दत्तो वामन, धोंडो केशव: हे ओकारान्त नाव आणि लगेच वडिलांचं नाव, ही ब्राह्मणी दफ्तरातली ओळखीची ठेवण. मान द्यायचा तर धोंडोपंत. शेतकरी घरात तेच नाव धोंडजी, धोंडीबा किंवा धोंडीराम होई. आणि दलित माणूस असेल तर त्याच्या वयाचा कसलाही विचार न करता कारकून 'धोंड्या' लिहून मोकळा. आई तिन्ही घरांत सारख्याच काळजीने हे नाव ठेवत होती, मान मात्र दफ्तर वाटत होतं. जुने कागद वाचताना हे फार खुपतं.

या नावाची माणसं मात्र दणकट निघाली. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना दत्तक घेतलं. त्याआधी धोंडजी वाघ होऊन गेला. टिपूच्या पाडावानंतर त्याने इंग्रजांना जेरीस आणलं आणि १० सप्टेंबर १८०० रोजी तो आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. आणि महर्षी कर्वे, अर्थात धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८, महिला विद्यापीठाची स्थापना १९१६, भारतरत्न १९५८, निधन ९ नोव्हेंबर १९६२, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी. दीर्घायुष्य मागणाऱ्या नावाचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. बायकांमध्ये जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी, केसरबाई केरकरांच्या शिष्या. त्यांचा जन्म १९२७ चा.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात हे नाव पेशव्यांच्या घरापासून शेतावरच्या झोपडीपर्यंत सगळीकडे होतं. मग गेलं कुठे? माझ्या मते एकच मोठं कारण आहे: मुलं जगू लागली. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता. भीती ओसरली तसं भीतीपोटी ठेवलेलं नावही मागे पडलं. त्यात शाळा आली, हजेरीच्या वेळी वर्ग हसू लागला, आणि राजपत्रात नाव बदलून घेण्याची सोयही होती. आज हे नाव मुख्यतः वडिलांचं किंवा आजोबांचं म्हणून कागदांवर दिसतं. आपल्या तीन पदरी (स्वतःचं, वडिलांचं, आडनाव) नावपद्धतीमुळे माणूस गेला तरी त्याचं नाव मुलाच्या कागदपत्रांत एक पिढी तग धरतं, मग तिथूनही जातं. देशावर धोंडीराम अजून भेटतात, बहुतेक वयस्कर. नव्याने ठेवलेला धोंडो माझ्या पाहण्यात नाही.

बाळाला ठेवावं का? मी स्वतः पाळण्यात ठेवेन, कागदावर ठेवणार नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत जुनीच आहे, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून अशा नातवाला हाक दुसऱ्याच नावाने मारायची हीही रीत होती. त्यामुळे एका मुलाला दोन नावं असणं आपल्याला परकं नाही. कागदावरचं नाव मुलाला आयुष्यभर वागवायचं आहे आणि प्रत्येक वर्गात वर लिहिलेलं सगळं समजावून सांगणं हे लहान मुलाचं काम नव्हे. तुम्हाला कागदावरही हवंच असेल तर दोघांनी पूर्ण विचार करून ठेवा; त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. घाईही नको. जन्मनोंदणी नावाशिवाय करता येते, बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

त्याआधी तुमच्या धोंडोंचं नाव नेमकं कुठल्या वाटेने आलं ते शोधता आलं तर बघा. कुलवृत्तांतात त्यांच्या आधीच्या भावंडांपुढे 'अल्पवयी वारला' असं दिसलं तर उत्तर मिळालंच. पण बऱ्याच कुलवृत्तांतांत मुली आणि तान्ही गेलेली मुलं गाळलेली असतात, म्हणून तिथेच थांबू नका. तुमचं कुटुंब नाशिक-त्र्यंबकेश्वरला जात असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांच्या नोंदी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढून दाखवतात. तालुक्याच्या अभिलेखागारात गावनमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील, तेव्हा मोडी वाचणारं कुणी सोबत न्या. आणि जन्माची तिथी हाती लागली तर ती जुन्या पंचांगाशी ताडून बघा. तिथे अधिक महिना निघाला, तर निदान त्या घरात आधी कुणी मूल गेलेलं असायलाच हवं असं नाही.