शेजारच्या सीटवरचा ब्रेक

या महिन्यात वेगाबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून फक्त त्यांतलीच चार घेतो आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी २६ वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, शेजारच्या सीटपुढे. पुढे जे लिहितो आहे, ते बहुतेक त्या सीटवरून पाहिलेलं आहे.

प्रश्न : माझे पती २२ वर्षं गाडी चालवतात. रस्ता मोकळा दिसला की काटा शंभरच्या पुढे. ‘आजवर गाडीला ओरखडा नाही, माझा हात बसलेला आहे,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हळू चालवणाऱ्यांमुळेच अपघात होतात, असंही म्हणतात. मी शेजारी बसून नकळत पाय दाबत राहते, जणू माझ्याकडे ब्रेक आहे. मुलगा १७ वर्षांचा आहे आणि ‘मी बाबांसारखी चालवणार’ म्हणतो. गाडीत वाद नको म्हणून मी गप्प बसते. माझं चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचा पाय बरोबर जागी जातो. माझ्या पायाखाली तर खरोखरचा ब्रेक होता, आणि तरीही किती वेळा वाटलं की आता काही वेळेत थांबत नाही.

आधी त्या बसलेल्या हाताबद्दल बोलू. तो बसलेला असेलच, मी शंका घेत नाही. पण समोर काहीतरी आलं हे डोळ्यांना दिसणं, ते काय आहे हे डोक्याला कळणं आणि पाय एका पेडलवरून उचलून दुसऱ्यावर नेणं, यात साधारण एक सेकंद जातो. तोही जागरूक माणसाचा. माणूस थकलेला असेल किंवा बोलण्यात गुंतला असेल, तर दीड. त्या सेकंदात कितीही तयार हात असला तरी गाडी पहिल्याच वेगाने पुढे जात राहते.

शिकाऊ मंडळींना मी मोकळ्या मैदानात न्यायचो. जमिनीवर फक्कीची रेघ मारायची. गाडी ताशी ४० वर आली की रेघेपाशी मी डॅशबोर्डवर थाप मारणार आणि त्यांनी ब्रेक दाबायचा. बाहेर उभा असलेला दुसरा विद्यार्थी मागचा लाल दिवा जिथे लागला तिथे खूण करायचा. थाप येणार हे माहीत असूनसुद्धा रेघ आणि खूण यांच्यामध्ये दोन गाड्या उभ्या राहतील एवढं अंतर निघायचं. पुष्कळ जण खाली उतरून ते पावलांनी मोजायचे, कारण त्यांना ते पटायचं नाही. नजर मैदानाच्या कडेला ठेवून मोजणाऱ्या एका बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना दोन लहान मुली होत्या.

आता एक हिशोब तुमच्या पतींपुढे ठेवा. कोरडा रस्ता, चांगले टायर, दक्ष माणूस. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी त्या पहिल्या सेकंदात १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे १४ मीटरवर थांबते. एकूण २८. त्याच जागी, तशाच गाडीत, तेवढ्याच चपळ माणसाने तीच गोष्ट पाहिली, पण तो ७० ने चालला होता. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा वेग किती असेल? मी विचारलं की लोक २० म्हणायचे, फार तर ३०. उत्तर येतं ५८. पहिल्या सेकंदातच तिचे १९ मीटर गेलेले असतात, ब्रेकच्या वाट्याला उरतात आठ-नऊ. ५८ च्या वेगाने आपटणं म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली पडणं. आणि तिथे उभा असलेला माणूस गाडीच्या आत नसतो.

२२ वर्षं ओरखडा नाही, यात त्यांच्या हाताइतकाच रस्त्यावरच्या इतरांचाही वाटा आहे. कुणीतरी एक पाऊल मागे घेतलं असेल, कुणी सायकल कडेला घेतली असेल, समोरून येणाऱ्याने वेळेवर लाइट मारला असेल. ते त्यांना कधी कळलंही नसेल. लहान मुलांना आणि वयस्क माणसांना तर येणाऱ्या गाडीचं अंतर दिसतं, वेग नीट उमगत नाही. गाडी लांब आहे एवढं पाहून ती रस्त्यात पाऊल टाकतात. ९० ने येणाऱ्या गाडीपुढे तो अंदाज चुकतो, आणि ही चूक चालवणाऱ्याच्या कौशल्याने भरून निघत नाही.

‘हळू चालवणाऱ्यांमुळे अपघात’ हे म्हणणं मी शेकडो वेळा ऐकलं आहे. वेगांमधला फरक धोक्याचा असतो, हे खरं. पण सगळे ६० ने चाललेले असताना एक जण १०० ने जात असेल, तर तो फरक कोण तयार करतं?

आणखी एक गोष्ट त्यांना स्वतःला जाणवली असेल. तासभर शंभरने गेल्यावर ६० म्हणजे गाडी रांगते आहे असं वाटतं. वेगाची जाणीव मरते. मोठ्या रस्त्यावरून वस्तीत शिरताना म्हणूनच नजर काट्यावर हवी, अंदाजावर नको.

गप्प बसण्याबद्दल विचारलंत. चालत्या गाडीत वाद घालू नका, त्याने त्यांचा तो सेकंद आणखी लांबेल. किल्ली फिरवण्याआधी बोला. ‘मला भीती वाटते’ एवढंच बोला, त्यांच्या चालवण्याला नावं ठेवू नका. तरीही काटा वर गेला तर शांतपणे म्हणा, ‘सुरक्षित जागी गाडी थांबवा, मला उतरायचं आहे,’ आणि खरोखर उतरा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे केलं होतं. एकदाच करावं लागलं. मुलाच्या हाती किल्ली येण्याआधी बापलेकांना मैदानात पाठवा, फक्की घेऊन. जगभरात रस्ते अपघातांत दर वर्षी सुमारे १२ लाख माणसं मरतात, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तुमचा मुलगा त्या वयाच्या मधोमध उभा आहे.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीला सहा एअरबॅग, एबीएस आणि क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे आहेत. अशी गाडी चांगल्या रस्त्यावर ११० ने नेली तर बिघडलं कुठे?

उत्तर : तुम्ही गाडी विचारपूर्वक घेतलीत, हे चांगलंच केलंत. पण ते तारे कोणत्या वेगाला मिळाले, तेही पाहा. समोरून धडक देण्याच्या ज्या चाचणीवर हे तारे ठरतात, ती अनेक ठिकाणी ताशी ६४ किलोमीटरला घेतात. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ११० ला ती ६४ च्या जवळजवळ तिप्पट होते. गाडीचा पुढचा भाग चुरगळून ती ऊर्जा खातो, पण त्याच्या खाण्यालाही मर्यादा आहे.

एबीएसबद्दल फार गैरसमज आहे. चाकं जाम होऊ नयेत आणि ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग ऐकावं, हे त्याचं काम. अंतर हमखास कमी करणं हे त्याचं काम नाही, सैल खडीवर तर ते वाढूही शकतं. शेवटी रस्त्याला टेकलेला असतो तो चार टायरांचा प्रत्येकी तळहाताएवढा भाग. पाच तारे असले तरी तेवढाच.

शिवाय शरीर जुनंच आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ धोरण स्वीकारलं, ते याच गोष्टीवर उभं आहे. माणूस चुकणारच, म्हणून वेग त्याच्या शरीराला सोसेल एवढाच ठेवायचा. जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात, तिथे ताशी ३०.

प्रश्न : कामाला १२ किलोमीटर जावं लागतं. रोज उशीर होतो. थोडं दामटल्याशिवाय कसं जमणार?

उत्तर : १२ किलोमीटरला ६० ने १२ मिनिटं लागतात, ८० ने ९. तेही वाटेत एकही सिग्नल नसेल तर, आणि सिग्नल असला की ती तीन मिनिटं लाल दिव्यापाशीच जातात. घड्याळ लावून आठवडाभर दोन्ही प्रकारे जाण्याचा प्रयोग मात्र करू नका, माझ्या हिशोबावर विश्वास ठेवा. घरातून दहा मिनिटं आधी निघा.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. पाच महिन्यांपूर्वी रात्री रिकाम्या रस्त्यावर बाईक ९० च्या पुढे नेली. वळणावर खडी होती. मला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या मित्राचं डोकं हेल्मेटमुळे वाचलं, पण खांद्यावर आपटून मानेजवळच्या नसांना मार बसला आणि त्याचा डावा हात लुळा पडला आहे. त्यानंतर मी त्याच्या घरी गेलेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

उत्तर : बाळा, सगळ्यात आधी हे वाच. खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली की हाताच्या नसा ताणतात, तुटतात. बाईकवरून पडलेल्यांमध्ये ही इजा नेहमी दिसते. अशा नसांवर शस्त्रक्रिया करायची असेल, तर ती पहिल्या सहा महिन्यांत केलेली जास्त उपयोगी पडते. पाच महिने झाले आहेत. नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाने त्याला पाहिलं आहे का, हे त्याच्या घरी आजच विचार. पाहिलं नसेल तर घेऊन जायला तू ये-जा कर, रांगेत तू उभा राहा. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या घरच्यांना हे उशिरा कळलं, म्हणून तुझ्या पत्राला मी आधी टपालाने उत्तर पाठवलं आणि मग इथे छापायला दिलं.

खडीचं नाव तू पत्रात घेतलं आहेस. वळण घेताना ९० ला टायरला जेवढी पकड लागते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पकड ५० ला पुरते. त्या घरात खडीचा विषय काढू नकोस.

मी २६ वर्षांचा असताना माझ्या जीपने एका सायकलवाल्याला उडवलं. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्याच्याकडे जायला मला आठ महिने लागले. तो खाटेवर बसला होता, काठी शेजारी. त्याने एवढंच विचारलं, ‘कशाची घाई होती?’ मी खरं ते सांगितलं, कशाचीच नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बसा.’ त्यानंतर मी दर रविवारी जात राहिलो, तो चालायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही. त्याने मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

तूही माफी मागायला म्हणून जाऊ नकोस, ते ओझं त्याच्यावर टाकू नकोस. डॉक्टरांचं विचार, औषधांच्या वेळा विचार, व्यायामाला सोबत कोण असतं ते विचार. त्याच्या आईने दारातूनच परत पाठवलं तर शस्त्रक्रियेचं तेवढं दारातच सांग, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.