आठवीच्या वर्गासाठी गूगल क्लासरूम सुरू केलंय, पण फक्त पीडीएफ टाकतो. अजून काय करता येईल? (कोल्हापूर)

सर, पीडीएफच टाकायची तर व्हॉट्सॲप ग्रुप काय वाईट होता! खरा उपयोग असाइनमेंटचा. वर्कशीट गूगल डॉक्समध्ये बनवा आणि ती जोडताना प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी प्रत देण्याचा पर्याय निवडा. मग प्रत्येकाला स्वतःची कोरी प्रत मिळते. पोरगं लिहीत असतानाच तुम्हाला ती उघडून बघता येते, चुकलेल्या ओळीशेजारी शेरा मारता येतो. पर्याय असाइन करण्याआधीच निवडा, नंतर तो बदलता येत नाही.

मुदत देताना घरचा विचार करा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या कितीतरी पोरांच्या हाती फोन येतो तो वडील कामावरून परतल्यावर. त्यांना संध्याकाळी पाचची मुदत देऊन काय उपयोग? रात्री दहा ठेवा. उशीर झाला तरी, तुम्ही जमा करणं बंद केलं नसेल तर, काम येतं; फक्त उशिराची नोंद दिसते.

धड्यागणिक टॉपिक पाडा, नाहीतर दिवाळीनंतर काही सापडायचं नाही. जमेल तेव्हा आठवड्याच्या पोस्ट शेड्यूल करून टाका. पुढच्या वर्षी त्याच पोस्ट नव्या वर्गात रीयूज होतात. रुब्रिकच्या, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्याच्या, भानगडीत इतक्यात पडू नका.