पार्सल परत आलं की रडू येतं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी चिंचवडला राहते, वय ३१. दीड वर्ष झालं, खणाच्या पर्स, मोबाईल पाऊच, तोरणं असं घरूनच ऑनलाईन विकते, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते, शिवायला शेजारच्या दोन मावश्या आहेत. सुरुवात छान झाली पण गणपती झाल्यावर ऑर्डरी एकदम थांबल्या, त्यात दहातली तीन सीओडी (पैसे दारात द्यायची) पार्सलं परत आली, आणि एका बाईंनी "फोटोत एक दाखवतात, पाठवतात दुसरं, फसवणूक आहे" असं लिहून एक स्टार दिला. घरात सगळे म्हणतात बंद कर आणि नोकरी बघ. रात्री झोप लागत नाही, फोन वाजला की धस्स होतं. मन घट्ट कसं करायचं?

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला अगं-तुगं करतेय ते चालवून घे, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. मी सोलापूरला असते, अकरा वर्षं झाली घरातून चादरी, टॉवेल, नॅपकिन ऑनलाईन विकतेय आणि पहिली दोन वर्षं माझी पण हीच अवस्था होती, कुरियरवाल्या दादांची गाडी गेटपाशी थांबली की आधी खिडकीतून बघायचे, पार्सल न्यायला आलेत की परत द्यायला.

मन घट्ट कर असं मला पण सगळे सांगायचे. ते काही केल्या जमलं नाही आणि आता वाटतं बरंच झालं, कारण पार्सल परत आल्याचं जिला काहीच वाटत नाही ती ते का परत आलं हे तरी कशाला बघेल. मला खरा आधार झाला तो एका दोनशे पानी वहीचा. परत आलेल्या प्रत्येक पार्सलची एक ओळ लिहायची, तारीख, गाव, वस्तू, सीओडी होतं की पैसे आधी आले होते, आणि परत यायचं कारण. कारण कुरियरच्या ट्रॅकिंगवर असतं ते लिहायचंच पण त्या गिऱ्हाइकाला एक फोन करून पण विचारायचं, कारण "कस्टमर नॉट अव्हेलेबल" असं लिहिलेलं असतं आणि ती बाई दिवसभर घरीच होती असंही निघतं. तीन महिन्यांनी वही वाचायला बसले तर चादर आवडली नाही म्हणून परत आलेली पार्सलं अगदी दोन-तीनच होती, सगळ्यात जास्त वेळा लिहिलं होतं "फोन उचलला नाही" आणि त्याखालोखाल "पत्ता अपुरा". म्हणजे मी तीन महिने जे उरावर घेऊन झोपत होते ते बरंचसं पिनकोड आणि फोन नंबरचं दुखणं होतं, त्यात माझ्या मालाचा किंवा माझा दोष नव्हता.

आता हिशोब मांडू. आकडे माझ्या अंदाजाने घेतलेत, तुझे तू टाक. पर्स ४५० ला विकतेस असं धरू. कापड, अस्तर, चेन, शिलाई मिळून २१०, पॅकिंग १५, कुरियर ७०, सीओडीचे ३५, म्हणजे पोचलेल्या पर्समागे १२० उरले. तीच पर्स परत आली तर जातानाचे ७०, येतानाचे साधारण ६५ आणि पॅकिंगचे १५, असे १५० गेले, पर्स तेवढी घरी आली. दहा पाठवून तीन परत आल्या तर सातांचे ८४० मिळाले, त्यातून ४५० गेले, हातात ३९०. एकच परत आली असती तर नवांचे १०८० वजा १५०, म्हणजे ९३०. विक्रीत फरक फक्त दोन पर्सचा, पण हातात पडणारा पैसा दुपटीच्या वर. त्यामुळे सध्या नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा परत येणारी पार्सलं कमी करण्यात तुझा जास्त फायदा आहे आणि ते बरंचसं तुझ्या हातात आहे.

सीओडी ऑर्डर आली की पार्सल बांधायच्या आधी पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि पिनकोड टाईप करून त्यांनाच परत पाठवायचा, तिकडून "हो बरोबर" आलं तरच बांधायचं. आणि १०० रुपये आधी घ्यायचे, बाकीचे दारात. मला हे सुरू करायची भीती वाटत होती, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून, आणि खरंच पहिल्या महिन्यात ऑर्डरी कमी झाल्या, पोटात गोळा आला होता. पण ज्या गेल्या त्या बहुतेक रात्री झोप येत नाही म्हणून सहज केलेल्या ऑर्डरी होत्या, ज्या सकाळी त्यांना आठवत पण नसतात.

आणि अजून एक कर, परतीचा डबा. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या ना तसंच, फक्त तू ते वेगळ्या खात्यात ठेव. पोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे ४० रुपये त्यात टाकायचे. पाचातलं एक परत आलं तरी बाकीच्या चारांचे १६० झालेले असतात आणि खर्च १५० चा असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या भाजीच्या पैशाला हात लागत नाही. हे ४० रुपये परवडत नसतील तर किंमत कमी लावलीयस, ती वाढव, मावश्यांच्या शिलाईतून मात्र कापू नकोस. हा डबा केल्यापासून कुरियरची गाडी बघून मला धस्स व्हायचं थांबलं, कारण येणाऱ्या पार्सलचे पैसे आधीच बाजूला पडलेले असतात.

त्या रिव्ह्यूबद्दल. फसवणूक हा शब्द लागतोच, मला पण लागला असता. पण तुझ्या कापडाचं बघ, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण म्हण किंवा कुठलाही म्हण, बऱ्याच खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणूनच तर ती धूपछाँव दिसते आणि म्हणूनच आपण त्याच्या प्रेमात पडतो. ट्यूबलाईटखाली फोटो काढला की त्यातला एकच रंग वर येतो, आणि त्या बाईंनी दुपारी गॅलरीत पार्सल उघडलं असेल तर त्यांना खरोखरच दुसरी पर्स दिसली असणार. त्या खोटं बोलत नाहीयेत आणि तू पण फसवलेलं नाहीस. आता फोटो सकाळी खिडकीजवळ काढायला लाग, दोन कोनांतून, आणि खाली लिही की उजेडाप्रमाणे रंग बदलतो. त्यांना उत्तर दे पण वाचल्या वाचल्या नको, दुसऱ्या दिवशी सकाळी दे, एवढंच की फोटोत रंग नीट आला नाही ही माझी चूक, पर्स परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते उत्तर नंतर येणारी पन्नास गिऱ्हाइकं वाचणार आहेत. रात्री नऊनंतर मी रिव्ह्यू उघडतच नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, "सकाळी दहानंतर उत्तर देईन", तो लाव, अर्धी झोप तिथेच परत येईल.

गणपती झाल्यावर ऑर्डरी थांबल्या म्हणतेस, अगं पितृपक्ष होता ना. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कित्येक घरात नवीन वस्तू घेत नाहीत, मोठ्या दुकानांना पण ते जाणवतं. तुझं दुकान दीड वर्षाचं म्हणजे हा पंधरवडा तू दुसऱ्यांदाच बघतेयस, मागच्या वर्षीचे आकडे लिहून ठेवले असतेस तर घाबरली नसतीस. वहीच्या मागच्या पानावर बारा महिने आखून घे. श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, मध्ये हा खड्डा, मग नवरात्र-दिवाळी, आणि तुझ्यासाठी सगळ्यात मोठं म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, वाणाला तुझे पाऊच पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्याने जातील. खड्ड्याच्या पंधरा दिवसांत मावश्यांकडून वाणाचा माल शिवून ठेव.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना फक्त तुझा उतरलेला चेहरा दिसतोय, वही दिसत नाहीये. एकदा सगळ्यांना बसवून आकडे दाखव आणि त्यांच्यासमोर एक रेघ मार, रथसप्तमीपर्यंत दुकान चालवणार, अमुक इतक्याच पैशाचा माल घेणार, दागिने आणि एफडीला हात लावणार नाही, आणि तोपर्यंत महिन्याला इतके उरले नाहीत तर पुन्हा बसून ठरवू. मी आधी पडदे पण विकायचे, ते असेच बंद केले होते. दोन वर्षं जीव तोडून विकले, आकडे ठरवलेल्या रेघेच्या वर आलेच नाहीत, थांबवले. वाईट खूप वाटलं, पण त्या वेळी अडकलेला पैसा सुटला म्हणून टॉवेलांचा स्टॉक भरता आला.

प्रश्न : नाशिकला माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं छोटं दुकान आहे, दोन वर्षांपासून ऑनलाईन पण विकतो. मागच्या आठवड्यात एकाने पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला, मी ६,८०० चा माल पाठवून दिला, नंतर कळलं पैसे आलेलेच नाहीत. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ऑनलाईनवरचा विश्वासच उडालाय.

उत्तर : दादा, आधी १९३० ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे, आठवडा झाला असला तरी करा. चॅट, स्क्रीनशॉट, त्याचा नंबर, कुरियरची पावती काही डिलीट करू नका. पैसे परत येतीलच असं मी खोटं सांगणार नाही, पण तक्रार नोंदवून ठेवा.

आणि बायकोला आजच सांगा. तुमचं पत्र वाचून मला पैशापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. अशी गोष्ट लपवली की माणूस ते नुकसान गुपचूप भरून काढायला बघतो, मग घाईत उधारीवर माल देतो नाहीतर न परवडणारी ऑर्डर घेतो. त्याने तुम्हाला फसवलंय यात लाज त्याला वाटायला पाहिजे. दोघं मिळून एकच नियम करा, स्क्रीनशॉट बघायचाच नाही, बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे जमा दिसले तरच माल हलवायचा, समोरचा कितीही घाईत असला तरी. आणि "पैसे पाठवतोय, तेवढा पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. नियम दोघांचा असला की गिऱ्हाइकाला नाही म्हणताना जड जात नाही. पुढची ऑर्डर मात्र घ्या, दुकान बंद ठेवून बसू नका.

प्रश्न : मी बेळगावहून, कॉलेज करत हाताने रंगवलेल्या पणत्या आणि कंदील विकते. इन्स्टावर आधी रील पाच हजार लोक बघायचे, आता दोनशे. आपलं काम आवडेनासं झालं असं वाटतं आणि मग रंगवावंसंच वाटत नाही.

उत्तर : बाळा, दोनशे लोकांना रील दिसली आणि बाकीच्यांना दिसलीच नाही, ज्यांना दिसलीच नाही त्यांना आवडली नाही असं कसं म्हणशील. ते दाखवणं न दाखवणं त्या अ‍ॅपच्या हातात आहे. तुझे रंग कसे झालेत हे ज्यांच्या घरी तुझ्या पणत्या लागल्या त्यांना विचार.

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं एकदम बंद पडलं होतं, सहाएक तास. नवरात्र तीन दिवसांवर होतं, माझ्याकडे चाळीसेक पार्सलं बांधायची होती आणि सगळे पत्ते चॅटमध्ये. ती रात्र मी कशी काढली मलाच माहीत, पहाटे सुरू झालं तेव्हा देवापुढे दिवा लावला. त्या दिवसापासून ऑर्डर आली की त्याच संध्याकाळी नाव, नंबर, गाव, काय घेतलं हे माझ्या रजिस्टरमध्ये उतरतं, आणि आता दिवाळीच्या आधी मी त्यातल्याच लोकांना विचारून एकेक मेसेज करते, रील किती चालली हे बघायला पण जात नाही. तू आज संध्याकाळी बस, जुन्या चॅटमधून पहिली पन्नास नावं काढ, आणि ज्यांनी मागच्या वर्षी पणत्या घेतल्या त्यांना यंदाच्या रंगांचा एक फोटो पाठव.