भारुंडावरून भारूड?

‘भारूड हे नाव भारुंड पक्ष्यावरून पडलं, असं वाचलं. खरं आहे का? आणि हा पक्षी म्हणजेच गंडभेरुंड का?’ असा प्रश्न आला आहे.

आधी पक्षी. भारुंडाचं पोट एक, तोंडं दोन. पंचतंत्रात त्याच्या एका तोंडाला अमृतासारखं फळ मिळतं. दुसरं म्हणतं, मलाही चाखू दे. त्यावर पहिल्याचं उत्तर असं, की पोट एकच तर आहे, वेगळं खाऊन काय मिळणार? उरलेलं बायकोला देऊ! दुसरं तोंड डूख धरतं, पुढं एकदा विषारी फळ खातं आणि सगळंच संपतं. ‘असंहता विनश्यन्ति भारुण्डा इव पक्षिणः’, म्हणजे एकजूट नसलेले भारुंड पक्ष्यांसारखे नाश पावतात, हे वचन त्यावरचं. गंमत म्हणजे जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात हाच पक्षी आदर्श ठरतो. तिथं साधूला सांगितलंय, भारंडासारखा सतत सावध राहा.

आता भारूड, म्हणजे रूपकातून शिकवण देणारं लोकगीत. त्याचे अर्थ दोन, एक वरवरचा, एक आतला, म्हणून दोन तोंडांच्या पक्ष्याचं नाव, अशी ही व्युत्पत्ती. ऐकायला झकास, पण मला पटत नाही. मराठीत असा अनुस्वार सहसा टिकतो. तुंडाचं तोंड झालं, शुंडेची सोंड, दंडाचा दांडा. मग भारुंडाचाच तेवढा कुठं गेला? अर्थही नीट बसत नाही. संत एकनाथांच्या भारुडातला विंचू नांगी मारतो ती कामक्रोधाची, आणि उतारा कोणता, तर ‘तमोगुण मागें सारा’. म्हणजे दुसरा अर्थ नाथ स्वतःच उघड करून सांगतात. पक्ष्याची तोंडं एकमेकांच्या जिवावर उठतात, भारुडातले अर्थ एकाच ताटात जेवतात.

‘बहुरूढ’ म्हणजे फार रूढ झालेलं, त्यावरून भारूड, हे दुसरं मत. त्यात निदान ‘भ’ची सोय लागते. बहिऱ्याला बोलीत भैरा म्हणतात, बाहेरचं मालवणीत भायर होतं, तसा ‘ह’ इथंही ‘ब’त मिसळला असेल. पण मधल्या उकाराचा आकार कसा झाला, ते कोडं उरतंच. त्यामुळं हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

गंडभेरुंड हा भारुंडाचा भाऊबंद म्हणा हवं तर. डोकी दोनच, पण स्वभाव निराळा. ‘भेरुंड’ म्हणजे भयंकर. शिल्पांत तो चोचीत आणि पंजांत हत्ती धरलेला दिसतो. म्हैसूरच्या वाडियारांचं हे राजचिन्ह आज कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आहे.

लिहिताना तो भारुंड, अनुस्वारामुळं रु ऱ्हस्व. ते भारूड, रू दीर्घ, पण ‘भारुडात’ म्हणताना पुन्हा ऱ्हस्व. बोलण्यात मात्र भारुडाचा अर्थच घसरलाय. कुणी पाल्हाळ लावलं की आपण म्हणतो, ‘काय भारूड लावलंयस!’ नाथांची भारुडं खरं तर किती आटोपशीर असतात.