घरीच फोर-बाय-फोर केलेली ट्रॅव्हलर आणि वडिलांच्या नावे आलेली नोटीस

प्रश्न : मी नाशिकला सातपूरमध्ये राहतो. अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर घरच्या वापरासाठी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. खासगी पासिंग आहे, गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि पतसंस्थेचा बोजा अजून चढलेला आहे. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या बाजूला गाडी कायम रुतायची. अमेरिकेत लोक मोठ्या व्हॅन घरी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ओढ) करतात, ते व्हिडिओ बघून मी भंगारात निघालेल्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस (इंजिनची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणारा गिअरचा डबा) बसवली. त्यासाठी गाडी उचलून उंच केली, मोठे टायर घातले आणि पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) लावला. मूळ पुढचं सस्पेन्शन वर्कशॉपच्या शेडमध्ये पडून आहे. कामाची रील टाकली होती, फोटो सोबत पाठवले आहेत. त्र्यंबक रोडला आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवून कलम १८२अ(४) खाली चलान केलं, त्यात तीन बदल मोजले आहेत. आता नोंदणी निलंबित का करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस वडिलांच्या नावे आली आहे. मुदत पंधरा दिवसांची आहे. आरसीवर फोर-बाय-फोरचा रकानाच नसतो, मग आरसीत फरक पडला कुठे? सीएनजी किट नोंदवतात तसं हे नोंदवून घेता येईल का? आणि माझे दोन मित्र त्यांच्या गाड्या अशाच करून मागत आहेत, ते काम घेऊ का?

उत्तर : काम चांगलं झालं असेल याबद्दल मला शंका नाही. सोबत पाठवलेले फोटो मी माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकला दाखवले, तो वेल्डिंग बघून खूश झाला. पण आरटीओपुढे वेल्डिंगचे गुण मिळत नाहीत. शिवाय तुमच्या पत्रातला पहिला शब्द ‘मी’ असला, तरी नोटीस तुमच्या नावे नाही, वडिलांच्या नावे आहे. पुढचं सगळं तेवढ्यासाठी वाचा.

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की, निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. पूर्वी हे कलम सौम्य होतं. आरटीओची मंजुरी घेतली की बराच बदल चालून जायचा. द्वारका भागातले जुने मिस्त्री अजूनही ‘साहेबांकडे अर्ज टाका, होऊन जाईल’ म्हणतात, ते त्या काळातलं. २००० मध्ये कलम बदललं आणि मंजुरी देण्याचा तो अधिकारच आरटीओच्या हातात राहिला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र’ या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनला हात लावता येणार नाही. आरसीतले बाकीचे तपशील मात्र बदलता येतील आणि नोंदवताही येतील. गाडीचा रंग बदलून नोंद करून घेणं त्या बाकीच्यांत बसतं. पुढच्या चाकांना ताकद देणारा अ‍ॅक्सल त्यात बसत नाही.

रकाना नाही, हा तुमचा मुद्दा हुशारीचा आहे आणि कोणीही वकील तो आधी मांडून बघेल. पण आरसी हातात घेऊन नीट वाचा. रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. ट्रान्स्फर केस, डिफरन्शियल असलेला अ‍ॅक्सल, जादा प्रॉपेलर शाफ्ट आणि उचलण्यासाठी घातलेले ब्रॅकेट, हे सगळं वजन काट्यावर दिसणारच. मॉडेलचं नावही असतं, आणि त्या नावामागे निर्मात्याने मंजूर करून घेतलेला एक नमुना असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना ठरवून दिलेल्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि आपल्या शेजारी नगरची व्हीआरडीई या अशाच संस्था. ब्रेक, स्टिअरिंग, वळताना गाडी किती कलते, हे सगळं त्या ठरावीक उंचीला, त्या वजनाला तपासलेलं असतं. तुम्ही गाडी उचलली की ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगच्या जोडदांड्याचा) कोन बदलला, ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या, मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर कमी दाखवायला लागला. कायद्यातलं स्पष्टीकरण म्हणतं की, गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला फेर म्हणजे ‘बदल’. दोन चाकांच्या ओढीची गाडी चार चाकांच्या ओढीची होणं त्यात बसत नाही, असं मोटार वाहन निरीक्षकाला पटवून देणं अवघड आहे. तो पिटमध्ये उतरून बॅटरी मारून एकदा वर बघेल आणि पुढे काही बोलायला लागणार नाही.

सीएनजीची गोष्ट निराळी. इंधन बदलण्याची सोय कलम ५२ च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) लिहूनच ठेवली आहे. किट मंजूर असावं लागतं, बसवणारा अधिकृत असावा लागतो, मग आरसीवर नोंद होते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायलाही कायद्याने वाट ठेवली आहे. फोर-बाय-फोरसाठी अशी वाट ठेवलेली नाही. कोणी तुम्हाला ‘चौदा दिवसांत कळवलं की झालं’ सांगितलं असेल, तर ते चौदा दिवस नोंदवता येण्याजोग्या बदलासाठी आहेत, मनाई असलेल्या बदलासाठी नाहीत. आणि अमेरिकेचं म्हणाल, तर तिथे फोर्डच्या ई-सिरीज व्हॅनला कारखान्यातून फोर-बाय-फोर मिळतच नव्हतं, म्हणून क्विग्लीसारख्या कंपन्यांचा धंदाच त्यावर उभा राहिला. तिथला कायदा तिथे. पेठ रोडच्या आरटीओत तो व्हिडिओ दाखवून उपयोग नाही. उलट तुम्हीच टाकलेली रील त्यांनी आधी पाहिली असेल, हे धरून चाला. आता घाबरून ती पुसू मात्र नका. नोटीस आल्यावर पुरावा पुसणं हे वेगळं दुखणं होऊन बसतं. नवीन काही टाकू नका, एवढं पुरे.

आता वडिलांकडे येऊ. कलम १८२अ(४) ‘मालकाला’ शिक्षा सांगतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसी ज्याच्या नावावर तो मालक, आणि गाडीवर बोजा असेल तर करारानुसार ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो. दोन्हीकडून वडीलच येतात. पाना तुम्ही फिरवला, आरोपी ते. प्रत्यक्षात एवढ्यावरून कोणी वयस्कर माणसाला आत टाकत नाही आणि हा गुन्हा कलम २०० खाली तडजोडीने मिटवता येतो. तडजोड झाली की त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई थांबते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मिटवलेला गुन्हाही पहिला गुन्हा म्हणून धरला जातो. म्हणजे रक्कम भरून गाडी तशीच चालवत राहिलात आणि पुन्हा सापडलात, तर पहिल्यापासून सुरुवात होणार नाही.

चलानमध्ये तीन बदल मोजलेत, त्यावर मात्र भांडायला जागा आहे. अ‍ॅक्सल, ट्रान्स्फर केस आणि उचललेली उंची हे एकाच कामाचे भाग आहेत, एक दुसऱ्याशिवाय बसतच नाही. तिन्हीला वेगळा दंड लावला असेल, तर तसा लेखी आक्षेप घ्या. बुलबार मात्र त्यात ओढू नका. तो वेगळाच बदल आहे, आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवून बुलबार कलम ५२ च्या विरुद्ध ठरवले आहेत. आज संध्याकाळी चार बोल्ट काढा आणि तो उतरवून ठेवा.

खरी धास्ती चलानची नाही, नोटिशीची आहे. कलम ५३ खाली गाडी सार्वजनिक ठिकाणी धोकादायक आहे किंवा कायद्याला धरून नाही असं आरटीओला वाटलं, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन, दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करता येते. निलंबन सलग सहा महिने राहिलं, तर कलम ५४ खाली नोंदणी रद्दही होऊ शकते. मग ती गाडी भंगार. पण ‘दोष दूर होईपर्यंत’ हे शब्दच तुमची सुटका आहेत. म्हणून माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही, तरी तोच आहे : गाडी पूर्ववत करा, आणि नोटिशीच्या मुदतीत करा.

तुम्ही लिहिलंय की मूळ पुढचं सस्पेन्शन वर्कशॉपच्या शेडमध्ये पडून आहे. ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. काढताना एक काळजी घ्या. चासीवर वेल्ड केलेले ब्रॅकेट गॅसने कापले तर चासी कमकुवत होते, तिथे ग्राइंडरनेच काम करा. चासी नंबरच्या आसपास तर ग्राइंडरही फिरवू नका. तो नंबर घासलेला दिसला की प्रकरण कुठल्या कुठे जातं. ब्रेकच्या नळ्या नव्या घाला, मूळ मापाचे टायर चढवा. काम झाल्यावर एखाद्या काट्यावर रिकामी गाडी वजन करून पावती घ्या, ती आरसीतल्या वजनाशी जुळायला हवी. आत्ताच्या अवस्थेत मात्र वजन करून पावती घेऊ नका, स्वतःविरुद्धचा कागद स्वतः तयार करायची गरज नाही. आणि पूर्ववत केलेली गाडी काट्यापर्यंत नेणं सोडलं तर ती रस्त्यावर काढू नका.

उत्तर वडिलांच्या सहीने द्या. लांबलचक नको. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, गाडी पूर्ववत केल्याचं निवेदन, फोटो, वजनाची पावती, सुट्या भागांची बिलं, आणि गाडी तपासून कारवाई बंद करावी ही विनंती. कलम ५२ बेकायदा कसं आहे, हा निबंध त्यात लिहू नका. पेठ रोडच्या कार्यालयात आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. काम मुदतीत होत नसेल, तर मुदत संपायच्या आत वाढ मागणारा अर्ज द्या. एवढं करूनही निलंबनाचा आदेश झालाच, तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. लिफाफा जपून ठेवा आणि तो हातात पडल्याची तारीख त्यावर लिहा, दिवस तिथून मोजायचे आहेत.

मधल्या काळात पावसात सुरगाण्याला जायचंच असेल, तर कारखान्यातून फोर-बाय-फोर आलेली गाडी भाड्याने घ्या किंवा शोधा. नाशिकला राहून तेवढं सुचवणं काही अवघड नाही, थार आपल्याच महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडते. ट्रॅव्हलरसारखी बसायची जागा नाही मिळणार, हे कबूल.

विमा हा तुम्ही न विचारलेला प्रश्न आहे. नूतनीकरणाच्या वेळी गाडीत एवढा बदल झालाय हे कंपनीला सांगितलं नसेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडणार. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या माणसाचा अपघात. पॉलिसी महत्त्वाची माहिती दडवून घेतली होती, हा बचाव कलम १५० मध्ये विमा कंपनीला दिलेला आहे. कंपनीने तो उचलला आणि टिकला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची भरपाई मालकाच्या अंगावर येते. म्हणजे पुन्हा वडील. गाडी असुरक्षित अवस्थेत चालवल्याचं कलम १९० वेगळं, आणि कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ती गाडी हाकणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

मित्रांचं काम घेऊ नका. इथे कायदा तुमच्या अंदाजापेक्षा कडक आहे. अधिनियमात ‘डीलर’ची व्याख्या शोरूमपुरती नाही. वाहनदुरुस्ती करणारा आणि चासीवर बॉडी बांधणाराही त्यात येतो. डीलरने असा बदल केला, तर कलम १८२अ(१) खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. वडिलांच्या गाडीवर हात चालवला तेव्हा तुम्ही मुलगा होतात. पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर चालवलात की तुम्ही गॅरेजवाले झालात.

पतसंस्थेचा बोजा आहे तोवर करारनामा काढून वाचा. गहाण गाडीत परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही, अशी अट त्यात असणं साहजिक आहे, आणि तसं असेल तर पूर्ववत केल्यावर त्यांना एक साधं पत्र देऊन ठेवा. भंगारवाल्याकडून घेतलेल्या अ‍ॅक्सलचं बिल आहे का, तेही बघा. ती जीप रीतसर भंगारात निघाली होती याचा कागद नसेल, तर अ‍ॅक्सल विकायला काढण्याआधी त्याच भंगारवाल्याकडून लेखी पावती घ्या.

नोटीस, चलान आणि आरसीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेऊन वडिलांसोबत कोर्टाच्या आवारात एखाद्या वकिलाला भेटा. उत्तराचा मसुदा तयार करून द्यायला अर्धा तास पुरतो. वडिलांना मात्र घरून निघतानाच सांगा की सही त्यांची लागणार आहे. तुमच्या पत्रावरून मला असं वाटतं की, नोटीस आल्याचं त्यांना अजून कळलेलंच नाही.