फळाच्या अर्कामुळे उष्णतेत कृमी जास्त वाचले, हे अँटीऑक्सिडंटमुळेच का?

तुम्ही लिहिलंय की अर्क दिलेले सी. एलिगन्स (प्रयोगशाळेत वापरतात ते सूक्ष्म गोलकृमी) ३५ अंश सेल्सियसला जास्त वेळ तगले आणि त्याच अर्काची डीपीपीएच चाचणीही, म्हणजे परीक्षानळीत अँटीऑक्सिडंट गुण मोजणारी चाचणी, उत्तम आली. म्हणून प्रकल्प अहवालात ‘अँटीऑक्सिडंटमुळे संरक्षण’ असं लिहू का, हा तुमचा प्रश्न. कृपया लिहू नका. ‘उष्णता सोसण्याची क्षमता वाढली’ इतकंच तुमच्या हाती आहे, आणि तेही कमी नाही.

२००६ साली प्रसिद्ध झालेलं ब्लूबेरीवरचं काम जरूर वाचा. त्यात कृमींचं आयुष्य वाढलं, तीव्र उष्णतेतही ते जास्त वाचले. पण थेट ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचा मारा) दिल्यावर अर्काचा काही उपयोग झाला नाही. शिवाय अर्काचे तीन भाग वेगळे केले, तर अँटीऑक्सिडंट गुण तिन्हींत होता आणि परिणाम मात्र प्रोअँथोसायनिडिन ही वनस्पतिजन्य संयुगं भरपूर असलेल्या एकाच भागाचा दिसला. परीक्षानळीतला गुण जिवंत प्राण्यात तसाच चालतो हे गृहीतच इथे कोसळतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

मग कृमी वाचतात कशामुळे? उष्णतेने प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि ती एकमेकांना चिकटतात. ती सावरायला पेशी एचएसपी-१६.२ सारखी उष्माघात प्रथिनं बनवते. अर्कातल्या एखाद्या घटकाने पेशीला आधीच सौम्य त्रास दिला, तर ही तयारी उष्णतेच्या आधीच झालेली असू शकते. एचएसपी-१६.२ ला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला कृमींचा वाण मिळाला तर २० अंशांवरच, नुसत्या अर्काने तो चमकतो का ते बघा. पॅराक्वाट हे रसायन ऑक्सिडेटिव्ह ताण देतं; त्याची चाचणीही वेगळी करा.

याहून आधी एक शंका मिटवा: कृमी उपाशी तर नव्हते? त्यांचं अन्न म्हणजे ई. कोलाय जिवाणूंचा ओपी५० हा वाण, आणि फळांच्या अर्कांनी जिवाणूंची वाढ खुंटू शकते. अन्न कमी पडलं तरी कृमींची सोसण्याची ताकद वाढते, मग श्रेय फुकट अर्काला जातं. म्हणून मारलेले जिवाणू देऊन प्रयोग पुन्हा करा आणि ते नीट खातात का हे कळायला घशाची हालचाल मोजा. अर्क न दिलेल्या, कंट्रोलच्या प्लेटमध्येही अर्क ज्यात विरघळवला ते द्रावक तितकंच हवं, हे तुम्ही केलंच असेल.

मोजणीच्या वेळी प्लेटवरची नावं झाकून दुसऱ्या कुणाकडून नुसते आकडे घालून घ्या. अर्धमेला कृमी जिवंत धरायचा की मेलेला, हे ठरवताना आपली अपेक्षा नकळत हात घालते.